पेढीवर बसलेला साधक : श्रीमद् राजचंद्र

आपल्या ट्रस्टच्या स्थापनेला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना निघणाऱ्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एखाद्या सत्पुरुषाचे चरित्र असावे, हे सर्वार्थाने उचित आहे. तीर्थंकर भगवंतांची आणि पूर्वाचार्यांची चरित्रे आपण पर्युषणात व चातुर्मासात भक्तिभावाने ऐकतो. परंतु ती ऐकताना मनात एक विचार हळूच डोकावतो, की हे सर्व त्या काळातील थोर आत्म्यांना शक्य होते. सकाळी दुकानाचे शटर उघडणाऱ्या आणि रात्री गल्ला मोजणाऱ्या आपल्यासारख्या माणसाला ते कसे साधावे? या शंकेला ज्यांचे संपूर्ण जीवन हेच उत्तर आहे, अशा एका महापुरुषाचे स्मरण येथे करावयाचे आहे. ते आचार्य नव्हते, दीक्षित मुनीही नव्हते. ते गृहस्थ होते, चार अपत्यांचे पिता होते आणि मुंबईच्या बाजारात हिरे-मोत्यांचा व्यापार करीत होते. अवघे तेहतीस वर्षे पाच महिने एवढेच आयुष्य त्यांना लाभले; परंतु त्यांनी लिहिलेली पत्रे आज सव्वाशे वर्षांनंतरही हजारो घरांत स्वाध्यायासाठी उघडली जातात. त्यांचे नाव श्रीमद् राजचंद्र.

ववाणियाचा बालक

सौराष्ट्रात मोरबीजवळ ववाणिया नावाचे बंदराचे लहानसे गाव आहे. तेथे विक्रम संवत १९२४ च्या कार्तिकी पौर्णिमेस, म्हणजे ९ नोव्हेंबर १८६७ रोजी, रवजीभाई मेहता आणि देवबाई यांच्या पोटी या बालकाचा जन्म झाला. पाळण्यातले नाव लक्ष्मीनंदन; पुढे चौथ्या वर्षी ते बदलून रायचंद ठेवण्यात आले. आजोबा पंचाणभाई कृष्णभक्त आणि आई जैन संस्कारांत वाढलेली. त्यामुळे एकाच घरात दोन भक्तिप्रवाह वाहत होते. बालपणी रायचंदांनी आजोबांबरोबर कृष्णकीर्तने ऐकली आणि एका वैष्णव साधूकडून कंठीही बांधून घेतली. पुढे प्रतिक्रमण सूत्रादी जैन पुस्तके हाती आली. जगातील सर्व जीवांशी मैत्री इच्छिणारा त्यातील भाव त्यांच्या अंतःकरणास भिडला आणि त्यांची प्रीती हळूहळू जिनधर्माकडे वळली. हे सर्व त्यांनी स्वतःच, बावीस वर्षे पूर्ण झाली तेव्हा, आपल्या आयुष्याच्या छोट्याशा आढाव्यात लिहून ठेवले आहे. त्यांना धर्माची गोडी लावणाऱ्या कारणांत एका पुस्तकाच्या वाचनाचा वाटा आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ते सात वर्षांचे असताना गावातील अमीचंद नावाचे एक सज्जन गृहस्थ सर्पदंशाने वारले. या मुलावर त्यांचा फार लोभ होता. मरणे म्हणजे काय, हे मुलाने आजोबांना विचारले. आजोबांनी त्याला टाळण्याचा प्रयत्न केला. परंतु अखेरीस शरीरातून जीव निघून गेला असून ते शरीर आता तळ्याकाठी जाळले जाईल, असे सांगावे लागले. मुलगा गुपचूप तेथे गेला, बाभळीच्या झाडावर चढला आणि जळती चिता पाहत राहिला. काल चालता-बोलता असलेला माणूस आज जाळला जातो, तर जे निघून गेले ते काय होते, या विचारात तो इतका बुडाला, की त्याला आपल्या पूर्वजन्मांची स्मृती झाली, असे परंपरा मानते. जैन परिभाषेत याला जातिस्मरणज्ञान म्हणतात. ज्यांना या घटनेविषयी अधिक चर्चा करावयाची असेल त्यांनी ती करावी. आपणास एवढे पुरे, की मृत्यू पाहून आपणही हळहळतो आणि स्मशानातून घरी येऊन स्नान केल्यावर विसरतो. हा बालक विसरला नाही. त्याच्या पुढील प्रत्येक पानामागे ती चिता जळत आहे.

कीर्तीचा त्याग

रायचंदांची स्मरणशक्ती असामान्य होती. एकदा वाचलेला धडा त्यांना पुन्हा वाचावा लागत नसे. सात इयत्तांचा अभ्यास त्यांनी दोन वर्षांत संपविला. अक्षर इतके सुरेख, की कच्छ दरबारच्या उताऱ्यावर लेखनासाठी त्यांना बोलावणे येई. तेराव्या वर्षापासून ते वडिलांच्या दुकानावर बसू लागले. या दुकानाविषयी त्यांनी एक गोष्ट नमूद केली आहे, ती आपल्या व्यापारी समाजाने आवर्जून वाचावी. आपण कोणालाही कमी-अधिक भाव सांगितला नाही आणि कमी-अधिक तोलून दिले नाही, असे ते आपल्या बालपणाच्या आढाव्यात सांगतात. भक्तीच्या, काव्याच्या, वाचनाच्या आठवणींबरोबरच तराजूच्या प्रामाणिकपणाची नोंद त्यांना करावीशी वाटली, यातच त्यांच्या धर्माची दिशा दिसते.

पुढे ते अवधानाचे प्रयोग करू लागले. अवधान म्हणजे एकाच वेळी अनेक गोष्टींकडे लक्ष ठेवून त्या अचूक स्मरणात राखणे. खेळाच्या चाली, घंटेचे ठोके, गणिते, निरनिराळ्या भाषांतील उलटसुलट क्रमाने सांगितलेले शब्द, दिलेल्या विषयावर रचावयाची पद्ये, हे सर्व एकत्र चालू असे आणि शेवटी ते सर्व जसेच्या तसे सांगत. १८८७ मध्ये मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शतावधान, म्हणजे शंभर अवधाने करून दाखविली. वय अवघे एकोणीस! वृत्तपत्रांनी दखल घेतली, सुवर्णपदक मिळाले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट यांनी हे प्रयोग युरोपात करून दाखवावेत असे सुचविले. आजच्या भाषेत सांगायचे तर जागतिक कीर्ती दारात येऊन उभी होती.

रायचंदांनी ती परत पाठविली. परदेशी जैन आचार पाळणे कठीण, हा एक विचार होताच. पण त्याहून मोठा विचार असा होता, की लोकांच्या टाळ्यांनी आत्म्याचे काहीच साधत नाही, उलट मानकषाय पुष्ट होतो. विसाव्या वर्षानंतर त्यांनी हे जाहीर प्रयोग जवळजवळ बंदच केले. लाभ होत असताना दुकान बंद करणे किती अवघड, हे ज्याने दुकान चालविले आहे त्यालाच समजेल. तोट्यातला धंदा कोणीही सोडतो. भरभराटीतला सोडण्यास निराळे बळ लागते.

सोळाव्या वर्षीची पुस्तके

शतावधानापूर्वीच, सोळा वर्षे पाच महिन्यांच्या वयात, त्यांनी ‘मोक्षमाळा’ हे पुस्तक लिहिले होते. जपमाळेच्या मण्यांप्रमाणे त्यात १०८ पाठ आहेत. ते तीन दिवसांत लिहिले गेले असे सांगितले जाते. एका पाठावर शाई सांडली, तेव्हा त्या जागी त्यांनी एक पद्य रचून घातले. दुर्लभ मनुष्यजन्माचे मोल सांगणारे ते पद्य आज अनेक ठिकाणी नित्य म्हटले जाते. पुस्तकाच्या छपाईला विलंब झाला, म्हणून आगाऊ ग्राहक झालेल्यांना भेट देण्यासाठी त्यांनी ‘भावनाबोध’ हे दुसरे छोटे पुस्तक लिहिले. त्यात अनित्यादी भावनांचे विवेचन भरतेश्वर, नमिराजर्षी, मृगापुत्र अशा कथांच्या आधारे केले आहे. वचन दिले आणि माल वेळेवर पोहोचला नाही, तर ग्राहकाला काही तरी भरपाई द्यावी, हा उत्तम व्यापाऱ्याचा धर्म त्यांनी ग्रंथाच्या बाबतीतही पाळला!

या पुस्तकांचे वैशिष्ट्य असे, की ती त्या काळच्या चालू गुजराती भाषेत आहेत. प्राकृत आणि संस्कृत न येणाऱ्या तरुणाला जिनमार्ग कळावा, तो त्याला स्वतंत्रपणे विचार करण्यास शिकवावा, हा त्यामागील हेतू होता.

पेढी आणि वही

१८८८ मध्ये त्यांचा विवाह झबकबाईंशी झाला. त्या पोपटलाल जगजीवनदास मेहता यांच्या कन्या. पत्नीचे काका रेवाशंकर जगजीवन यांच्याबरोबर भागीदारीत त्यांनी मुंबईत जवाहिराचा व्यवसाय सुरू केला. लाखोंचे व्यवहार होत. हिरे-मोत्यांची पारख सूक्ष्म, बोलणे मोजके, हिशेब चोख. त्यांना पेढीवर पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे, की त्यांच्याजवळ व्यापाराच्या वहीबरोबर एखादे धर्मपुस्तक आणि स्वतःच्या चिंतनाची वही कायम असे. सौद्याचे बोलणे संपले, की दुसऱ्याच क्षणी ते पुस्तक किंवा ती वही उघडली जाई. ग्राहक येण्याची वाट पाहण्यात, बाजारगप्पांत किंवा चहाच्या कपावर आपली जी पाच-दहा मिनिटे जातात, त्या मिनिटांतून त्यांनी आपला स्वाध्याय उभा केला.

त्यांच्या व्यवहाराच्या दोन गोष्टी परंपरेने सांगितल्या जातात. एका अरब व्यापाऱ्याच्या धाकट्या भावाने थोरल्याला न विचारता मोती विकले. थोरला रागावला. धाकटा घाबरून श्रीमदांकडे परत आला. सौदा पक्का झालेला होता, मालात चांगला नफा होता. तरी त्यांनी मोती जसेच्या तसे परत केले. दुसऱ्या प्रसंगी एका व्यापाऱ्याने ठराविक भावाने हिरे देण्याचा करार केला आणि बाजार अचानक चढला. करार पाळला तर तो माणूस देशोधडीला लागणार होता. श्रीमद् त्याच्याकडे गेले आणि त्यांनी कराराचा कागद स्वतःच फाडून टाकला. दुसऱ्याच्या रक्तावर आपले पोषण करणे त्यांना मान्य नव्हते. कायद्याने त्यांचा हक्क निर्विवाद होता. परंतु जमा-नावेच्या वहीपलीकडे कर्माची एक वही असते आणि तिच्यात खाडाखोड होत नाही, हे ते जाणत होते.

अर्थात, व्यापार त्यांना सुखाचा वाटत होता असे मात्र नाही. प्रारब्धवशात अंगावर आलेली उपाधी म्हणून ते तिच्याकडे पाहत. संसाराच्या गर्दीत चित्त अलिप्त राखताना किती कष्ट पडतात, हे त्यांनी पत्रांतून निःसंकोच लिहिले आहे. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षापासूनची त्यांची पत्रे वाचताना हे प्रकर्षाने जाणवते. म्हणूनच ती पत्रे आपल्याला जवळची वाटतात. उंच शिखरावर बसून केलेला उपदेश त्यांत नाही. भर बाजारात उभे राहून सांगितलेली गोष्ट आहे.

पत्रे कोणासाठी?

श्रीमदांचे बहुतेक वाङ्मय पत्ररूप आहे. सायला गावचे सोभागभाई वयाने त्यांच्याहून चाळीसहून अधिक वर्षांनी मोठे होते. पण या तरुणाच्या ठायी त्यांना आत्मज्ञान दिसले आणि दोघांत अपूर्व स्नेह जडला. एकट्या सोभागभाईंना दोनशेहून अधिक पत्रे लिहिली गेली. अहमदाबादचे जुठाभाई अल्पायुषी ठरले. परंतु श्रीमदांना प्रथम ओळखणाऱ्यांत त्यांची गणना होते. खंभातचे अंबालालभाई त्यांची वचने जपून उतरवून ठेवीत. आणि खंभातच्याच स्थानकवासी संघातील लल्लुजी मुनी, जे पुढे लघुराज स्वामी म्हणून प्रसिद्ध झाले, त्यांनी एका गृहस्थास आपले गुरुस्थान मानले.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. मुनीने गृहस्थाकडून बोध घ्यावा काय? आणि श्रावकांनी आगम सोडून आधुनिक काळातील एका गृहस्थाची पत्रे भक्तीने वाचावीत काय? त्या काळी या प्रश्नावरून समाजात तीव्र मतभेद झाले आणि लल्लुजी मुनींना त्याची झळ सोसावी लागली. आजही असा प्रश्न विचारणारे साधर्मिक आहेत व त्यांचा भाव आगमांच्या आदराचाच आहे. परंतु श्रीमदांची पत्रे वाचणाऱ्याच्या लक्षात येईल, की ती आगमांची जागा घेत नाहीत. ती वाचकाला आगमांकडे पाठवितात. उत्तराध्ययन, सूत्रकृतांग, कुंदकुंदाचार्यांचे ग्रंथ, हरिभद्रसूरींचा षड्दर्शनसमुच्चय, बनारसीदासांचे नाटक समयसार, आनंदघनजींची स्तवने यांचा उल्लेख त्यांत पुन्हा पुन्हा येतो. आधुनिक संतवाङ्मय भक्तीने वाचण्याची खरी कसोटी हीच असावी. जे पुस्तक वाचून मूळ शास्त्राची तहान वाढते ते तारक. जे वाचून मूळ शास्त्राची गरज उरली नाही असे वाटू लागते, ते कितीही गोड असले तरी सावधपणे वाचावे.

नडियादचा कंदील

आत्मा आहे, तो नित्य आहे, तो कर्माचा कर्ता आहे, तो कर्मफळाचा भोक्ता आहे, मोक्ष आहे आणि मोक्षाचा उपाय आहे, अशी सहा पदे श्रीमदांनी एका गद्य पत्रात मांडली होती. सोभागभाईंचे वय झाले होते. गद्य पाठ करणे त्यांना जड जाई. ते पद्यात असेल तर मुखोद्गत होईल, अशी त्यांनी विनंती केली. एका वृद्ध मुमुक्षूच्या या साध्या अडचणीतून एक शास्त्र जन्मास आले.

१८९६ च्या आश्विन वद्य प्रतिपदेस नडियाद येथे संध्याकाळी फिरून आल्यावर श्रीमद् लिहावयास बसले. अंबालालभाई हातात कंदील धरून शेजारी उभे राहिले. दीड-दोन तासांत १४२ गाथांचे ‘आत्मसिद्धी शास्त्र’ पूर्ण झाले. त्यात शिष्य एकेका पदाविषयी शंका घेतो आणि सद्गुरू तिचे निरसन करतात. शंका अत्यंत प्रामाणिक आहेत. आजच्या विज्ञान शिकलेल्या मुलाला पडतील अशाच आहेत. आत्मा दिसत नाही तर तो मानावा का, देहालाच आत्मा का म्हणू नये, असे शिष्य निर्भयपणे विचारतो. ग्रंथाच्या आरंभीच दोन प्रकारच्या माणसांविषयी करुणा व्यक्त केली आहे. एक, जे बाह्य क्रियेतच अडकून अंतरंग विसरतात. आणि दुसरे, जे ज्ञानाच्या कोरड्या गोष्टी बोलतात, परंतु मोहाच्या प्रवाहात तसेच वाहत जातात. आपण दोघांपैकी कोणत्या बाजूला झुकतो, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी पाहावे.

या ग्रंथाच्या चारच प्रती काढल्या गेल्या. त्या सोभागभाई, अंबालालभाई, लल्लुजी मुनी आणि झवेरी माणेकलाल घेलाभाई यांना दिल्या. एकांतात वाचावा, मनन करावा, वाटेल त्याला वाचून दाखवीत सुटू नये, अशी सूचना होती. आज त्याच ग्रंथाच्या असंख्य प्रती छापल्या गेल्या आहेत आणि मराठीसह अनेक भाषांत अनुवाद झाले आहेत. प्रती वाढल्या याचा आनंद आहेच. त्या चार प्रतींचे वाचन जसे झाले तसे वाचन किती प्रतींचे होते, हा विचार मात्र आपण करावा. सोभागभाईंनी पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, देह ठेवला. अखेरच्या काळात हीच सहा पदे त्यांचा आधार होती.

सत्तावीस प्रश्न

१८९१ च्या जुलैमध्ये बॅरिस्टर होऊन इंग्लंडहून परतलेले मोहनदास गांधी मुंबईत डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी उतरले. तेथे त्यांची रायचंदभाईंशी प्रथम भेट झाली. गांधीजींनी आपल्याला ठाऊक असलेले परदेशी भाषांतील शब्द लिहून वाचून दाखविले आणि रायचंदभाईंनी ते त्याच क्रमाने परत सांगितले. परंतु गांधीजी भारावले ते या स्मरणशक्तीने नव्हे, तर त्यांच्या शास्त्रज्ञानाने, शुद्ध चारित्र्याने आणि आत्मदर्शनाच्या तळमळीने. असे त्यांनी पुढे आत्मकथेत लिहिले.

पुढे दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजी धार्मिक मंथनात सापडले. ख्रिस्ती मित्र त्यांना आपल्या धर्मात आणू पाहत होते, मुसलमान स्नेही इस्लामचा अभ्यास करण्यास सांगत होते, आणि स्वतःच्या धर्माविषयी मनात अनेक शंका होत्या. त्यांनी १८९४ मध्ये रायचंदभाईंना सत्तावीस प्रश्न पाठविले. आत्मा काय आहे, ईश्वर कोण, मोक्ष म्हणजे काय, वेद आणि गीता यांचे स्थान कोणते, ख्रिस्ती धर्माविषयी काय समजावे, आणि शेवटी, साप चावावयास आला तर त्याला चावू द्यावे की मारावे? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये श्रीमदांचे सविस्तर उत्तर गेले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विशेष मननीय आहे. देह नाशवंत आहे हे ज्याने खरोखर जाणले, त्याने नाशवंत देहासाठी दुसऱ्या जीवाला मारणे कसे योग्य ठरेल, असा त्याचा आशय आहे; आणि ज्याची तेवढी तयारी नाही, त्यालाही मारावे असा उपदेश कसा करता येईल, अशी पुस्ती आहे. उत्तरात कोठेही गांधीजींना जैन करून घेण्याचा प्रयत्न नाही. धीर धरावा, खोल अभ्यास करावा, असाच सूर आहे. पंचीकरण, मणिरत्नमाला, योगवासिष्ठाचे मुमुक्षु प्रकरण, षड्दर्शनसमुच्चय अशी पुस्तके त्यांनी सुचविली. त्यातली बहुतेक जैनेतर आहेत! गांधीजींचे मन शांत झाले.

आपल्या जीवनावर खोल ठसा उमटविणाऱ्या आधुनिकांत गांधीजींनी टॉलस्टॉय आणि रस्किन यांच्याबरोबर रायचंदभाईंचे नाव घेतले आहे. त्या दोघांचा प्रभाव पुस्तकांतून, तर रायचंदभाईंचा प्रत्यक्ष सहवासातून पडला. आणि तरीही गांधीजींनी त्यांना गुरुपद दिले नाही, ते स्थान रिकामेच राहिले, हेही त्यांनी प्रांजळपणे सांगितले आहे. भक्ती असावी आणि विवेकही असावा, याचा हा उत्तम नमुना होय. महाराष्ट्राशी असलेला धागा असा, की रायचंदभाईंच्या आठवणी लिहिण्यास गांधीजींनी पुण्याच्या येरवडा तुरुंगात आरंभ केला होता. आणि मुंबईत गांधीजींचे वास्तव्य ज्या मणिभवनात असे, ते याच रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे घर.

वाचावे कसे?

लल्लुजी मुनी मुंबईत चातुर्मासास असताना श्रीमदांना भेटत. श्रीमदांनी त्यांना पूज्यपाद आचार्यांचे ‘समाधिशतक’ हाती दिले, आरंभीचे काही श्लोक स्वतः समजावून सांगितले आणि पुढचे एकांतात वाचावयास सांगितले. पुस्तकांचा ढीग दिला नाही. एकच लहान ग्रंथ दिला आणि मौन सांगितले. आपल्या पूर्वाचार्यांनी स्वाध्यायाला अभ्यंतर तपात स्थान दिले असून त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. आधी वाचावे, मग विचारावे, मग चिंतावे, मग घोकावे आणि सर्वांत शेवटी दुसऱ्याला सांगावे. आपण बहुधा पहिल्या पायरीवरून थेट पाचवीवर उडी मारतो! श्रीमदांची रीत मधल्या तीन पायऱ्यांची होती.

संप्रदायाच्या भिंतीही त्यांनी वाचनाच्या आड येऊ दिल्या नाहीत. इडरच्या डोंगरात सात मुनींसह ते शिळांवर बसून नेमिचंद्राचार्यांचा ‘द्रव्यसंग्रह’ वाचीत. ते मुनी स्थानकवासी परंपरेतले आणि ग्रंथ दिगंबर आचार्यांचा! १९०० मध्ये त्यांच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या परमश्रुत प्रभावक मंडळाने श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही आम्नायांचे श्रुत प्रकाशित करण्याचे व्रत घेतले.

राजकोट

१९०० पासून त्यांची प्रकृती ढासळू लागली. हवापालटासाठी धरमपूर, तिथल, वढवाण अशी ठिकाणे झाली. मातेच्या अनुमतीने सर्वसंगपरित्याग करावा अशी त्यांची इच्छा होती. परंतु देहाने साथ दिली नाही. अहमदाबादेस त्यांनी माता देवबाई आणि पत्नी झबकबाई यांच्या हस्ते ‘ज्ञानार्णव’ व ‘स्वामी कार्तिकेयानुप्रेक्षा’ हे ग्रंथ मुनींना अर्पण करविले. ज्यांच्या ओढीने घर सोडवत नव्हते त्यांच्याच हातून शास्त्रदान घडावे, यात केवढा हृद्य भाव आहे! अखेर राजकोट येथे चैत्र वद्य पंचमीस, ९ एप्रिल १९०१ रोजी, समाधिभावात त्यांनी देह सोडला.

मागे राहिली ती पत्रे. अंबालालभाईंनी गावोगावच्या मुमुक्षूंकडून ती मिळवून त्यांच्या नकला केल्या. १९०५ मध्ये ‘श्रीमद् राजचंद्र’ हा ग्रंथ प्रथम प्रसिद्ध झाला. लघुराज स्वामींच्या प्रेरणेने १९२० मध्ये अगास येथे आश्रम स्थापन झाला आणि तेथून हा ग्रंथ घरोघरी गेला. २०१७ मध्ये त्यांच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट व स्मारक नाणे काढले. व्यापाऱ्याच्या नावाने नाणे निघावे हे भूषणावह खरे. पण ज्याने नाण्यांना आयुष्यभर परके मानले त्याच्या नावाने निघावे, हे अधिक बोलके आहे.

आपला स्वाध्याय

साधर्मिक बंधू-भगिनींनो, पन्नास वर्षांत आपल्या ट्रस्टने पुष्कळ काही उभे केले. वास्तू उभ्या राहतात त्या देणग्यांतून. धर्म उभा राहतो तो वाचणाऱ्या, विचार करणाऱ्या माणसांतून. अनेक घरांत धर्मग्रंथ रेशमी वस्त्रात गुंडाळून ठेवलेले असतात. ज्ञानपंचमीला त्यांची पूजा होते आणि ते पुन्हा कपाटात जातात. आयुष्यभर कापड विकलेला माणूस म्हणून मी एवढेच म्हणेन, की ताग्याचे मोल तो उलगडल्यावर कळते. न उलगडलेला तागा कितीही उंची असला तरी शेवटी घडीवर विरतो. ग्रंथांचेही तसेच आहे.

श्रीमदांचा ग्रंथ त्यांच्या वयाच्या क्रमाने लावलेला आहे. त्यामुळे नव्या वाचकाने तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एका दमात वाचण्याचा हट्ट धरू नये. मोक्षमाळेतील पाठ मुलांबरोबर वाचावेत. सहा पदांचे पत्र आणि आत्मसिद्धी मोठ्यांनी मिळून वाचावी. गुजराती येत नसेल तर हिंदी-मराठी अनुवाद घ्यावेत. आठवड्यातून एकदा अर्धा तास, एकच पत्र. त्यातील एक वाक्य निवडावे आणि पुढील सात दिवस ते आपल्या दुकानात, कार्यालयात, स्वयंपाकघरात लावून पाहावे. भाव सांगताना ते आठवते का? उधारी मागताना आठवते का? नोकराशी, सुनेशी बोलताना आठवते का? आठवले तर ते वाचन भक्तीचे झाले असे समजावे.

श्रीमदांनी शास्त्रवाचनापेक्षाही सत्संगाला आणि प्रत्यक्ष सद्गुरूच्या योगाला श्रेष्ठ मानले. तो योग नसेल तेव्हा सत्शास्त्राचा आधार घ्यावा असे ते सांगत. आपल्या गावी वर्षभर साधू-साध्वींचा योग असतोच असे नाही. चातुर्मास संपतो, उपाश्रय रिकामा होतो आणि आठ महिने उरतात. ते आठ महिने कोरडे जाऊ नयेत, यासाठी या पेढीवरच्या साधकाने आपल्याला पत्रे लिहून ठेवली आहेत. पाकिटावर सोभागभाईंचे नाव आहे, अंबालालभाईंचे आहे, लल्लुजी मुनींचे आहे. परंतु आतला मजकूर वाचला, की तो आपल्यालाच लिहिला आहे अशी खूण पटते. ती पत्रे उघडण्याचा संकल्प या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण सर्वांनी करू या.

सर्वांस सविनय जय जिनेंद्र.